चाळीसचा बॉक्स

मी लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. राहते हडपसरला. माहेर वाशीमकडचं, सासर अकोल्याचं, आणि पुण्यात येऊन सोळा वर्षं झाली तरी बाई इकडची नाही हे समोरच्याला दोन वाक्यांत कळतं. पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. कॉलेजला डॉक्टरेट झालेल्या शिक्षकांची संख्या वाढवायची होती म्हणून परवानगी मिळाली. मला मात्र ते काम खरोखरच करायचं होतं. दोन्ही हेतू एकाच अर्जात बसले, कोणी फार चौकशी केली नाही.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कशावरून झालं ते कळणार नाही. लोखंड आपल्याला सलग दिसतं. आत मात्र अणू ओळीने मांडलेले असतात आणि ती मांडणी कुठेच पूर्ण बिनचूक नसते. कुठे एखादी जागा रिकामी असते, कुठे एखादा अणू जास्तीचा घुसलेला असतो. यांना दोष म्हणतात. धातू वाकतो, ठोकून कडक होतो, थकून मोडतो, ते सगळं या दोषांच्या हालचालीमुळे. अणुभट्टीतल्या पोलादावर सतत मारा होत असतो. त्यात अणू जागेवरून उडतात आणि जास्तीचे अणू जवळ येऊन त्यांचा एक पुंजका होतो. हा पुंजका धातूच्या आत एका रेषेत पुढेमागे सरकत राहतो. तो किती सरकतो आणि कुठे अडतो, यावर ते पोलाद किती टिकेल हे बरंचसं ठरतं. इतकी बारीक आणि इतकी चटकन होणारी हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पकडणं फार अवघड. म्हणून संगणकात लोखंडाचा एक इवलासा तुकडा मांडायचा, प्रत्येक अणूला शेजारचे अणू किती ओढतात आणि किती ढकलतात याचं सूत्र द्यायचं, आणि काय होतं ते बघत बसायचं. त्या तुकड्याला आम्ही बॉक्स म्हणतो.

माझे मार्गदर्शक या विषयातले मोठे गृहस्थ होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. त्यांचा एक जुना पेपर जगभर वाचला गेला होता. लोखंडात थोडे क्रोमियमचे अणू असले की पुंजका त्यांच्यापाशी अडतो आणि कायमचा अडतो, असं त्यांनी दाखवलं होतं. त्या पेपरमधल्याच बॉक्सवर मी काम पुढे न्यायचं, वेगवेगळ्या तापमानांना पुंजका किती घट्ट अडतो ते मोजायचं, असं ठरलं. बॉक्स वीसचा होता, म्हणजे प्रत्येक बाजूला वीस घरं. सगळे मिळून सोळा हजार अणू.

एक दिवस मी विसाच्या जागी चाळीस टाइप केलं. का केलं ते आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी कॉलेजात तोंडी परीक्षा होत्या, मी लोणीहून विद्यापीठात धापा टाकत पोचले होते, घाईत बोट चुकलं असेल. जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं ते काम, सुरू करून मी घरी आले आणि विसरले.

पाचव्या दिवशी चाचांचा फोन आला. चाचा म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या विभागातली संगणकांची खोली सांभाळणारे. त्यांची पाचवी पिढी कॅम्पात राहते, आणि विभागात सगळ्यांत चोख पुणेरी मराठी कोणाची असेल तर त्यांची.

“मॅडम, आपला जॉब पाच दिवस झाले बसलाय,” ते म्हणाले. “मुक्कामाला आलाय का? बाकीचे लोक रांगेत आहेत.”

मी जाऊन बघितलं तर एक लाख अठ्ठावीस हजार अणू. बॉक्स तिन्ही बाजूंनी दुप्पट म्हणजे अणू आठपट, वेळही तितकाच. मला लाज वाटली. चाचांना म्हणाले की बंद करा, माझीच चूक आहे. ते बंद करणार इतक्यात मी म्हटलं थांबा, एवढे पाच दिवस गेलेच आहेत तर आतापर्यंतचं काय आहे ते बघून घेते.

पुंजका क्रोमियमपाशी नव्हता. सुरुवातीला तो तिथे अडला होता, अगदी सरांच्या पेपरमध्ये अडतो तसा. मग बराच वेळ तिथेच थरथरत राहिला. आणि मग सुटून सरळ पुढे निघून गेला होता.

पडद्यावरची ती हालचाल मी तीनदा मागे नेऊन बघितली. चाचा मागे उभे होते. त्यांनी विचारलं की हे असं व्हायला नको का. मी म्हणाले, नको. ते म्हणाले, मग जॉब मारू नका, रांगेतल्या लोकांना मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. एमएस्सीचे दोन विद्यार्थी आधीच बसलेले होते. मी उत्साहात होते, आणि उत्साहात असले की माझी घरची भाषा तोंडात येते. मी म्हणाले, “सर, मोठ्या बॉक्समध्ये पुंजका सुटून राहिलाय.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “सुटून राहिलाय म्हणजे सुटलाय की राहिलाय? एक काय ते ठरवा आणि मग या.”

विद्यार्थी हसले. आमच्याकडे ‘सुटतोय’ला ‘सुटून राहिलाय’ म्हणतात. मी बाहेर आले. जिन्याच्या पायरीवर बसले. सोळा वर्षांत असं पुष्कळदा झालेलं होतं, भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत, आणि दर वेळी मी पुढचं वाक्य जपून, पुण्याच्या पद्धतीने बोलले होते. त्या दिवशी मात्र पायरीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की या माणसाने माझ्या हातातला ग्राफ बघितलाच नाही. माझं क्रियापद तेवढं बघितलं. मी उठले आणि परत आत गेले.

“सुटलाय, सर,” मी म्हणाले आणि ग्राफ त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी ग्राफ जवळ ओढला. मग मुलांना बाहेर पाठवून मला बसायला सांगितलं. ते हुशार माणूस होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी दहा मिनिटांत तीन शंका काढल्या. जॉब एकदा चालवून, एका रनवरून निष्कर्ष काढत नाहीत. तापमान ताब्यात ठेवण्याची पद्धत मोठ्या बॉक्सला चालते का. सुरुवातीची मांडणी नीट शांत केली होती का. शंका रास्त होत्या. मी म्हणाले, पुन्हा करून बघते, पाच वेळा करते. ते म्हणाले, गरज नाही, यंत्रांचा वेळ विभागाचा आहे, आपल्या हौसेचा नाही. आणि पेन्सिलीने माझ्या ग्राफवर एक फुली मारली, मुलांच्या वहीवर मारतात तशी.

मी तो कागद घरी नेला आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला.

दिवाळीच्या सुट्टीत विभाग ओस पडतो. मी चाचांना विचारलं की तेवढे दिवस यंत्रं मला मिळतील का, आणि सरांची सही नसली तर चालेल का. चाचांनी भिंतीवरची नियमांची यादी दाखवली. “सुट्टीत रिकाम्या यंत्रांना सही लागत नाही,” ते म्हणाले. “यादी मीच टाइप केली आहे, मला माहीत आहे.” अर्ज मात्र लेखी घेतला आणि त्याची एक प्रत मला परत दिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः येऊन एक बंद पडलेलं यंत्र सुरू करून दिलं. मी चिवड्याचा डबा नेला होता. त्यांनी घरून शीरखुर्मा आणला होता. म्हणाले, ईदला आपण नव्हता, म्हणून आज.

चाळीसच्या बॉक्समध्ये पाचही वेळा पुंजका सुटला. कधी लवकर, कधी उशिरा, पण सुटला. विसाच्या बॉक्समध्ये पाचही वेळा अडूनच राहिला. मग मी तीसचा बॉक्स करून बघितला. पाचातले तीन सुटले.

कारण आता डोळ्यांसमोर होतं. आमचा बॉक्स असा असतो की उजवीकडून जे बाहेर जातं ते डावीकडून आत येतं. त्यामुळे तो तुकडा संपत नाही, सगळीकडे त्याच्याच प्रती असतात. पण मग पुंजक्याच्याही प्रती होतात. बॉक्स लहान असला की पुंजक्याला दोन्ही बाजूंनी स्वतःच्याच प्रतींचा दाब बसतो. सरांना वाटलं होतं त्याला क्रोमियमने धरून ठेवलंय. निम्मी पकड त्या लहान खोलीची होती.

सुट्टीनंतर तक्ता घेऊन सरांकडे गेले. या वेळी केबिनमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी तक्ता वाचला, परत वाचला. मग जे म्हणाले त्याची मी अजिबात तयारी केलेली नव्हती.

“हे बरोबर असू शकतं,” ते म्हणाले. “पण हे आपल्या प्रबंधात येणार नाही.”

मी विचारलं, का. ते म्हणाले, त्यांच्या सहा विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या पेपरवर उभे आहेत. त्यातले दोघं बाहेरदेशी प्राध्यापक आहेत. आपण आधी पदवी घ्या, मग पाच-सात वर्षांनी जे लिहायचं ते लिहा, मी अडवणार नाही.

“मग सर, माझ्या प्रबंधात मी खोटे आकडे लिहायचे?”

“खोटे नाहीत. छोट्या बॉक्सचे.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला वाटतं त्यांना स्वतःला ते फारसं वावगं वाटत नव्हतं. मी नमस्कार करून निघाले आणि विद्यापीठाच्या गेटपर्यंत चालत आले तोवर माझं ठरलेलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हडपसरच्या एका कारखान्यात तपासनीस आहे, घडवलेले सुटे भाग त्याच्या टेबलावरून पुढे जातात. घरी आम्ही आमच्या भाषेत बोलतो. तो जेवता जेवता म्हणाला, “माह्या टेबलावर क्रॅक दिसला तं मी लाल खूण करतो. मंग मॅनेजर येवो, नाही तं त्याचा बाप येवो. तू काय करून राहिली?” मी म्हणाले, तेच करून राहिली. तो म्हणाला, मंग झालं, भाजी वाढ.

सहामाही प्रगतीचा सेमिनार जवळ आला होता. बाहेरचे दोन परीक्षक असतात, विभागातले चार जण असतात. सरांनी माझ्या स्लाइड्स मागवून घेतल्या आणि तक्त्याची स्लाइड काढून परत पाठवल्या. मी ती पुन्हा घातली. लपूनछपून नाही. दोन दिवस आधी त्यांना मेल केली की ही स्लाइड मी दाखवणार आहे, आपली हरकत असेल तर आपण ती तिथेच नोंदवावी. उत्तर आलं नाही.

सेमिनारला मी माझी सगळ्यांत चांगली इरकल नेसले होते. चौदावी स्लाइड आली. मी बॉक्सचे तिन्ही आकार सांगितले, कोणत्या आकारात किती वेळा पुंजका सुटला ते सांगितलं, आणि कारण सांगितलं. बाहेरच्या परीक्षकांपैकी एकांनी सरांकडे बघून विचारलं की हे आपल्या संमतीने आहे का. सर म्हणाले, हे मी आज प्रथमच पाहतो आहे.

मी म्हणाले, “सरांना परवा मेल केली आहे. त्याआधी दिवाळीनंतर तक्ताही दाखवला आहे. तेव्हा सर म्हणाले होते, बरोबर असू शकतं.”

चहा आला. अहवालात माझी प्रगती ‘असमाधानकारक’ असा शेरा पडला.

ही बातमी लोणीला माझ्याआधी पोचली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते सज्जन होते, पण त्यांना वाद म्हटलं की ॲसिडिटी व्हायची. त्यांनी मला समजावलं की मोठ्या माणसांशी जुळवून घ्यावं, कॉलेजला विद्यापीठाशी संबंध ठेवायचे असतात, एक पान कमी छापल्याने कोणाचं काय बिघडतं. मी म्हणाले, ते एक पान सोडून बाकी सगळी कमी छापते. त्यांना तो विनोद वाटला. मी मनापासून म्हणाले होते.

मार्गदर्शक बदलायचा तर जुन्या मार्गदर्शकांचं ना-हरकत पत्र लागतं. मी अर्ज भरला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. महिनाभर तो तिथेच. मग मी दर गुरुवारी, माझे लोणीचे तास संपले की त्यांच्या केबिनसमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. हातात अर्जाची प्रत. ते येत-जात होते, बघत होते, बोलत नव्हते. शिपाईमामांनी पंख्याखाली खुर्ची आणून दिली, मी म्हणाले बाकच बरा आहे. काही बायांनी येऊन सांगितलं की असं बसणं शोभत नाही. मी त्यांना सरकून जागा करून दिली. अकरावा गुरुवार असेल, सर दारातच थांबले.

“आपल्याला दुसरं काम नाही का?”

“आहे, सर. तेच करतेय.” माझ्या मांडीवर दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका होत्या. त्या आठवड्याचा तिसरा गठ्ठा.

त्यांनी अर्ज हातात घेतला, भिंतीला टेकवून सही केली आणि आत गेले.

नव्या मार्गदर्शक भौतिकशास्त्र विभागातल्या, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणायचे आणि त्या मला मॅडम म्हणायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, “तुमचे सर चुकले हे सिद्ध करण्यात मला रस नाही. आधी स्वतःला खोटं पाडून दाखवा. नाही पडलात तर बघू.”

एक वर्ष त्यात गेलं. अणूंच्या ओढाताणीचं जे सूत्र आम्ही वापरत होतो ते एकच नाही, दुसरीही आहेत. मॅडमनी दुसरं सूत्र लावून सगळं परत करायला सांगितलं. चाळीसच्या बॉक्समध्ये पाचातले चार पुंजके सुटले. पाचवा नाही सुटला. मी थांबले, आणखी चालवलं, तरी नाही. आणि इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. मॅडमकडे तक्ता नेला तेव्हा त्यात मी चारच रन लिहिल्या होत्या. मनात कारण तयार होतं, की पाचवी पुरेशी लांब चाललेली नाही, अपुरी रन कशाला लिहायची.

मॅडमनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “पाचवी कुठे आहे?”

मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. बाकावर अकरा गुरुवार बसलेली मी, आणि माझंच एक पान मी कमी छापायला निघाले होते. मी काही सबब सांगितली नाही. पर्समधून पाचव्या रनचा कागद काढला. तो होता पर्समध्येच. घरी ठेवायचा धीर झाला नव्हता.

पेपर लिहिताना पाचवी रन मी पहिल्याच तक्त्यात घातली. दावा त्यामुळे लहान झाला. ‘कायमचा अडत नाही’ असं छातीठोक म्हणता आलं नाही. ‘लहान बॉक्समध्ये जितका अडलेला दिसतो तितका अडत नाही’ एवढंच म्हणता आलं. पण ते वाक्य कोणी हलवू शकत नव्हतं. एका नियतकालिकाने परत पाठवला, दुसऱ्याने दोनदा दुरुस्त्या सांगून छापला. सरांच्या पेपरचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आहे, आदराने आहे, आणि त्यात काय चुकलं तेही आहे.

शेवटच्या मौखिक परीक्षेला दार उघडं असतं, कोणीही येऊन बसू शकतं. सर आले. मागच्या रांगेत बसले. चाचाही आले होते, ते दाराशी उभे राहिले. मी पाऊण तास बोलले, जशी बोलते तशीच बोलले. प्रश्नांच्या वेळी सरांनी हात वर केला. सगळ्यांच्या माना वळल्या.

“तो पाचवा. तो का नाही सुटला?”

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले. “त्या सूत्रात क्रोमियमची पकड जास्त आहे, इतकंच सांगता येतं.”

“बॉक्स आणखी मोठा करून पाहा,” ते म्हणाले, आणि चहाच्या आधी निघून गेले. आमचं शेवटचं बोलणं तेच. लोक म्हणतात ती त्यांची माफी होती. मला तसं वाटत नाही. तो एक चांगला प्रश्न होता आणि एक चांगली सूचना होती, मी तेवढीच घेतली.

पंधरा दिवसांनी लोणीला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, समोर सगळा स्टाफ आणि दुसऱ्या वर्षाची मुलं. मला दोन शब्द बोलायचे होते, आणि प्राचार्यांनी ते दोन शब्द टाइप करूनच आणले होते. पहिली ओळ होती, ‘माझ्या गुरुवर्यांच्या आशीर्वादाने आणि अखंड मार्गदर्शनाने.’ मी स्टेजवर बसल्या बसल्या प्राचार्यांकडे पेन मागितलं. त्यांना वाटलं सही करायची असेल. मी ‘आशीर्वादाने’ खोडलं, मग ‘अखंड’ खोडलं, मग सगळा कागदच उलटा करून मांडीवर ठेवला.

माइकपाशी गेले तेव्हा शाल खांद्यावरून घसरत होती, ती काढून खुर्चीवर ठेवली. मी सांगितलं की पहिल्या सरांनी मला हे काम शिकवलं, बॉक्स कसा मांडायचा ते त्यांनीच शिकवलं. एका बाबतीत ते चुकले होते, ते मी त्यांना सांगितलं, त्याला तीन वर्षं जास्त लागली. मग मीसुद्धा एका बाबतीत चुकत होते, ते दुसऱ्या मॅडमनी मला सांगितलं, त्याला एक मिनिट लागलं. चाचांना मी नावानिशी धन्यवाद दिले.

टाळ्या उशिरा वाजल्या. आधी मागच्या मुलांनी वाजवल्या, मग स्टाफने प्राचार्यांकडे बघितलं, मग वाजवल्या. खाली उतरल्यावर एक सहकारी बाई कानाशी म्हणाल्या की सगळं छान होतं, पण तेवढं सरांचं बोलायची आज गरज होती का.

मी म्हणाले, होती. पावणेबाराचा तास होता, मुलं वर्गाकडे निघालीच होती. मी खडू घेतला आणि त्यांच्या मागोमाग गेले.